‘चूळ भरा’ यांचा पहिला अल्बम

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (तीर्थस्वरूप हे हाताच्या सवयीनं आलं. साष्टांग तर साफ खोटं आहे; मी खुर्चीत ताठ बसून दातओठ खात लिहिते आहे, आणि दातओठ खाण्यानं दातांचं काय होतं हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.) इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. पण इकडे काडीचंही क्षेम नाही, आणि ते का नाही हे सांगायलाच हे पत्र. तुमचं कळवा. वहिनींची पाठ कशी आहे? तुझा गुडघा? वर्कशॉपातलं ते धूड अजून चालतं की बसलं? आणि मुख्य म्हणजे डावीकडची खालची दाढ? ती मी अर्धी करून ठेवली होती, आठवतं का? आत भरलेलं सिमेंट तात्पुरतं होतं, दादा. तात्पुरतं म्हणजे काही आठवड्यांचं, जन्मभराचं नव्हे. ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणून तू गेलास तो गेलासच, कारण मधल्या काळात तुझे चिरंजीव माझ्याकडे राहायला आले आणि तू माझ्या दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरवलंस. म्हणजे भांडण मुलाशी आणि शिक्षा दाढेला. फोनच केला असता, पण त्याचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. (फाडता येतं, हे मान्य. पण वहिनी तुकडे जोडून वाचतील आणि तुला जेवताना ऐकवतील, तेव्हा आधीच नीट वाचून घेतलेलं बरं.)

तर, कळविण्यास अत्यंत संताप होतो की तुझ्या चिरंजीवांचा आणि त्यांच्या दोन साथीदारांचा पहिला अल्बम जवळजवळ तयार झाला आहे, आणि तो माझ्या उरावर बसून तयार झाला आहे. तू सोयीस्कर विसरतोस म्हणून पहिल्यापासून सांगते. तुझं आणि त्याचं वाजलं. तो म्हणाला, मला फर्निचर पॉलिशच्या वर्कशॉपात यायचं नाही, मला मशिनांवर संगीत करायचं आहे. तू म्हणालास, हे संगीत नव्हे, ही खरखर आहे, आणि खरखरच ऐकायची असेल तर ती माझ्या वर्कशॉपात भरपूर आहे. (तुझं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.) तो घरातून निघाला, तू दार लावून घेतलंस, आणि वहिनींनी मला फोन केला की चार दिवस ठेवून घ्या, राग निवळला की येईल परत. त्या चार दिवसांचं आता वर्ष होत आलं. राग कुणाचाच निवळला नाही, उलट माझा नव्यानं सुरू झाला. मी त्याला दवाखान्यामागची खोली दिली. जुन्या पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मी जिथे ठेवते ती. आला तो पहिल्याच दिवशी भर दुपारी, बूटसुद्धा न काढता, माझ्या धुतलेल्या चादरीवर आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत घोरत पडला. मी म्हटलं, वा, भावाच्या घरचे संस्कार.

त्याच्यामागून बाकीचे दोघे आले. एक लांबट आहे. त्या खोलीची चौकट बुटकी, तिला तो रोज कपाळ आपटतो आणि रोज त्याला नवल वाटतं. दुसरी एक मुलगी. तिला मी मौनीबाई म्हणते, कारण एकेका शब्दावर कर बसत असल्यासारखी ती बोलते. ‘चहा घेणार का’ विचारलं तर नुसती पापणी हलवते आणि ती कुठल्या बाजूनं हलली त्यावरून आपण ओळखायचं. तिघांनी मिळून खोलीत एवढ्या वायरी आणल्या की झाडू मारणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यावरूनच झाडायला लागल्या. बटणांचे डबे, दिव्यांचे डबे, फिरकीचे डबे, दोन लॅपटॉप. फुंकायचं, बडवायचं किंवा छेडायचं असं एकही वाद्य नाही. मी विचारलं, यातलं वाजवायचं कुठलं? लांबट म्हणाला, आत्या, सगळंच. (तो मला आत्या म्हणतो. मौनीबाईसुद्धा म्हणत असावी, पण कितीतरी महिने ऐकू आलं नाही.)

मग धडधड सुरू झाली. तू ऐकलेली नाहीस म्हणून सांगते. ती कानाला ऐकू येत नाही, ती पायातून चढते. माझ्या खुर्चीशेजारी चूळ भरायला ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागतं. एका गृहस्थांची पुढची कॅप मी हलक्या हातानं बसवत होते, आणि भिंतीपलीकडून तुझ्या चिरंजीवांनी असा काही दणका दिला की कॅप माझ्या चिमट्यातून उडून गृहस्थांच्या जिभेखाली गेली. ते सभ्य म्हणून गिळली नाही. भूल दिलेली माणसं पायानं ठेका धरायला लागली. एका आजोबांनी जाताना विचारलं की कवळी लावल्यापासून छातीत धडधडतं, तर कवळी छातीपर्यंत पोचते का? मी भिंतीवर मूठ आपटली. धडधड थांबली. मला वाटलं, लाज वाटली असेल. कसली लाज! मी आपटलेल्या मुठीचा आवाज त्यांना आवडला होता, तो पुन्हा मिळावा म्हणून ते वाट बघत गप्प बसले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आत जाऊन तिघांना असं झाडलं, असं झाडलं की बाहेर बसलेल्या दोन पेशंटांचं दुखणं थांबलं आणि ते घरी गेले. तुला माहीतच आहे, माझ्या पेशात समोरच्याचं तोंड उघडं असतं पण त्याला बोलता येत नाही, त्यामुळे मला उलट उत्तराची सवय नाही. या तिघांनी उलट उत्तर दिलंच नाही. दवाखाना चालू असताना यापुढे कानावर हेडफोन, असं कबूल केलं आणि पाळलंही.

मी भाबडी. मला वाटलं, जिंकले. भिंतीपलीकडे शांतता म्हणजे शांतताच असणार, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. हे तिघे आवाज करायचे थांबले होते ते माझा आवाज गोळा करायला. भिंतीच्या त्या बाजूला माइक चिकटवला होता, दादा. दिवसभर मी इकडे आ करा, मोठा आ करा, थोडंसं दुखेल, झालं झालं, चूळ भरा, म्हणत राहिले, आणि तिकडे ते बरणीत लोणचं भरावं तसं भरून ठेवत राहिले.

मला हे कळलं एका शाळकरी पोरीकडून. खुर्चीत बसली, मी सवयीनं म्हटलं, आ करा, तर तिनं आ करण्याऐवजी मान हलवत पुढचं म्हटलं: ‘मोठा, मोठा, मोठा आ, थोडंसं दुखेल.’ माझ्याच सुरात, माझ्याच हेलात. मी तिच्या आईकडे बघितलं. आई कौतुकानं म्हणाली, हल्ली सगळ्यांच्या फोनवर आहे ना हे, ‘चूळ भरा’ म्हणून नवीन ग्रुप आहे. पायाखालची फरशी सरकली माझ्या. या पोरांनी स्वतःचं नाव ठेवलंय ‘चूळ भरा’! संपूर्ण भाषा मोकळी पडली होती नावासाठी. अल्बमचं नाव ‘थोडंसं दुखेल’. त्यातल्या तुकड्यांची नावं ‘आ करा’, ‘भूल’, ‘अक्कलदाढ’ आणि ‘उद्या काही खाऊ नका’. ‘आ करा’ त्यांनी नमुना म्हणून आधीच लोकांना ऐकायला सोडलं होतं, आणि लोक ते ऐकत होते! एक नळदुरुस्तीवाले पेशंट आहेत माझे, ते व्यायामशाळेत जातात. तिथे अचानक माझा आवाज आला, थोडंसं दुखेल, तर हातातलं वजन सोडून त्यांनी आधी गाल धरला म्हणे. मला विचारायला आले की हे नवीन काय काढलंत, घरापर्यंत पाठलाग?

अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दवाखाना सोडून आत गेले. म्हटलं, माझा आवाज, माझी वाक्यं, माझी मूठ, आणि मलाच पत्ता नाही? ताबडतोब काढा सगळं. तुझ्या चिरंजीवांचं तोंड उतरलं. आत्या, आम्ही विचारणारच होतो, असं काहीतरी पुटपुटले. (‘विचारणारच होतो’ हे अगदी तुझं. तूही बाबांची सायकल विकल्यावर असंच म्हणाला होतास.) पण काढला बिचाऱ्यांनी माझा आवाज, तिथल्या तिथे, माझ्यासमोर. आणि मग म्हणाले, ऐकून बघ. ऐकलं. आता मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्याशिवाय ते म्हणजे कवळी काढलेलं तोंड वाटत होतं, सगळं आत गेलेलं. मी म्हटलं, परत घाला. निषेध म्हणून घाला, पण घाला. आणि एवढं माझं चोरलंत तर ‘झोपण्यापूर्वी दात घासा’ हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य का नाही चोरलंत? ते दिवसातून पन्नास वेळा म्हणते मी. लांबट म्हणाला की ते ठेक्यात बसत नाही. लोकांचे दात किडतात ते यामुळेच.

इथवर वाचून तुला वाटेल, एवढंच होय. थांब. एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्राचं पाकीट आणायला गेले नसते.

आमच्या दवाखान्यात ड्रिलला दाबाची हवा लागते, आणि ती हवा भरून ठेवतो कॉम्प्रेसर. हे तुला सांगायला नको. तुझ्या पॉलिशच्या फवाऱ्यालाही तीच हवा लागते, आणि तो बटणांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथून आपण दोघांनी एकाच टेम्पोत एकेक धूड आणलं होतं. माझं मी खोलीच्या भिंतीलगत बाहेरच्या बोळात ठेवलं होतं. इतकी वर्षं चाललं, पण आवाज म्हणशील तर देवा! दोन ठोके नीट, तिसरा लंगडा, दोन नीट, तिसरा लंगडा, असं करत टाकी भरायची, आणि भरली की शेवटी एक लांब सुस्कारा. मला त्याची शरम वाटायची. आणि हल्ली मी बघत होते की कॉम्प्रेसर सुरू झाला की मौनीबाई भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटून बसते. मी डॉक्टर माणूस. निदान केलं: अर्धशिशी. गोळ्या दिल्या. तिनं घेतल्या! आजार आहे असं ती बोलली नाही, आणि नाही असंही बोलली नाही. वर लांबट येता-जाता बोळात डोकावून त्या धुडाकडे बघत उभा राहायचा. मला वाटलं, पोरं त्रासली आहेत, पण मी एकदा झाडल्यामुळे तोंड उघडायची हिंमत नाही. आवाजावरून इतकी भांडले, आता आपणही एक पाऊल मागे घ्यावं. मी (तुझ्या घराण्यात जन्मून) मन मोठं केलं आणि नवा कॉम्प्रेसर आणला. बिनआवाजाचा. चालू आहे की बंद ते बघायला वाकून दिवा बघावा लागतो. जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. हे सगळं शनिवारी, तिघे बाहेर गेले असताना, गुपचूप. त्यांना आश्चर्याचा सुखद धक्का म्हणून.

संध्याकाळी तिघे आले. मी दारातच उभी होते, आभार स्वीकारायला. तुझे चिरंजीव बोळाकडे बघत म्हणाले, ‘आत्या, तो कुठे गेला?’

मी मोठ्या तोऱ्यात नव्याचं बटण दाबलं. म्हटलं, ऐका. काही ऐकू येतंय? येत नाहीये ना? तेच तर! लांबट चौकटीला कपाळ न आपटता आत गेला, यावरून तू काय ते ओळख. तुझे चिरंजीव प्लास्टरच्या जबड्यांच्या खोक्यावर बसले आणि हा एवढा घोडा, तुझ्याहून उंच, दाढी राखणारा, ढसाढसा रडायला लागला. मी त्यालाही गोळी दिली.

मग कळलं ते असं. अल्बममधला प्रत्येक तुकडा त्या लंगड्या ठेक्यावर बांधला होता. अर्धशिशी वगैरे काही नव्हती, ती बया ठोके मोजत होती. (मग गोळ्या का घेतल्यास, असं मी विचारलं. पापणी हलली, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही.) आणि शेवटचा तुकडा अजून व्हायचा होता. त्यात माझा आवाज नाही, धडधड नाही, काही नाही. कॉम्प्रेसर सुरू होतो तिथपासून टाकी भरून तो सुस्कारा सोडतो तिथपर्यंत, सलग, एका दमात, आणि त्याच्यावर फक्त मौनीबाईचे थोडेसे सूर. माझ्या बोलण्याचे आणि ड्रिलचे आवाज मध्ये नकोत म्हणून त्यांनी दवाखाना बंद असतो तो दिवस धरला होता. रविवार. म्हणजे दुसऱ्याच दिवशी. आधी भरून ठेवलेत ते लहान लहान तुकडे, प्रत्येकात मध्येच मी म्हणतेय चूळ भरा. मी म्हटलं, तुकडे जोडा की, एवढी मशिनं आहेत. तर म्हणाले, जोडता येतं, पण जोडलेलं कळतं. कवळी लावलेला माणूस हसला की मलाही कळतंच, त्यामुळे यावर मला बोलता आलं नाही, आणि बोलता आलं नाही की मी किती चिडते ते तुला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी मी अंगात घाईघाईनं डॉक्टरकीचा अ‍ॅप्रन चढवून (सुट्टीच्या दिवशी! सवय!) तिघांबरोबर लांबटाच्या गाडीतून भंगारवाल्याकडे गेले. गाडी लहान, लांबट दुमडून बसलेला, गुडघे स्टिअरिंगच्या वर. भंगारवाल्यानं टाकी कापली होती. मोटार आदल्या संध्याकाळीच कुणीतरी नेली होती. उरलं ते पत्र्याचं अर्धुक, त्यावर माझ्या दवाखान्याचं नाव. मी त्याच्यावर अशी कडाडले की त्यानं टोपी काढली. मग त्या आवारात जे काही सुरू झालं ते कुणी लांबून बघितलं असतं तर आमची रवानगी दुसऱ्याच दवाखान्यात झाली असती. तुझे चिरंजीव दिसेल त्या कॉम्प्रेसरला कान लावतायत, मौनीबाई बोटानं टाक्या टिचकावतेय, लांबट वायर जोडून एकेक सुरू करतोय. भंगारवाल्यालाही चेव आला. तो एकेक ओढून आणून म्हणायला लागला, ‘डॉक्टरीणबाई, हा घ्या, याचा आवाज बघा कसा खणखणीत!’ आणि कहर म्हणजे नाही म्हणत होते मी. हा फार गुळगुळीत. हा घाईत आहे. याचा तिसरा लंगडत नाही. याला सुस्काराच येत नाही, याला ढेकर येतो. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याचा एकेक ठोका मला पाठ होता, हे मला त्या पत्र्याच्या ढिगात, अ‍ॅप्रनमध्ये उभं राहून कळलं, आणि मला कुणाचा राग आला असेल तर तो माझाच. तो मी भंगारवाल्यावर काढला.

रिकाम्या हातानं परत आलो. वाटेत मौनीबाई माझ्याशी बोलली. पूर्ण दोन वाक्यं. ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते लिहिलं तर माझा राग उतरेल आणि मला तो पत्र संपेपर्यंत पुरवायचा आहे.

आता तुझ्या आनंदाची बातमी. घरी आल्यावर चिरंजीव शांतपणे म्हणाले, ‘आत्या, राहू दे. मी बाबांकडे परत जातो. पॉलिश करतो.’ वायरी गुंडाळायलाही लागला. शेवटच्या तुकड्याशिवाय अल्बम काढायचा नाही म्हणे, काढायचा तर पुरा, नाहीतर सगळं पुसून टाकायचं. हा हेकटपणा त्यानं कुठून उचलला ते मी वेगळं लिहीत नाही. ज्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा लोकांना ऐकवायचा होता, तिथे लांबटानं कळवायचंय की येत नाही. दोघांनी समजावून बघितलं. लांबट समजावता समजावता स्वतःच रडला.

तर दादा, अभिनंदन. तू जिंकलास. एक पाऊल न उचलता, एक फोन न करता, तोंडातून ‘ये’ असा शब्दही न काढता तुझा मुलगा महिनाअखेरीस तुझ्या वर्कशॉपात उभा राहील. त्याच्यासाठी एक खुंटी रिकामी कर आणि एक जुना शर्ट काढून ठेव. तो उत्तम पॉलिश करेल. तुझ्यासारखाच मान खाली घालून करेल, आणि तुझ्यासारखाच घरी आल्यावर बोलणार नाही. मग दोघं एकाच ताटाच्या दोन बाजूंना गप्प बसा आणि मध्ये वहिनींना पाठदुखी. मी माझी खोली धुऊन घेईन, जबडे पुन्हा फळीवर लावीन, आणि माझ्या बिनआवाजी कॉम्प्रेसरबरोबर सुखानं दवाखाना चालवीन. इतकं शांत झालंय आता की पेशंटांना भीती वाटते. काल एक बाई म्हणाल्या, डॉक्टर, मशीन चालू आहे ना नक्की?

मला तुम्हा कुणाशीही कसलाही संबंध ठेवायचा नाही. वहिनींना सप्रेम नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी संतप्त,
धाकटी बहीण

ता. क. – दाढेचं विसरले. ते सिमेंट आता कुठल्याही क्षणी निघेल. कडक काही चावू नकोस, आणि येत्या रविवारी इकडे ये. दवाखाना बंद असतो, पण तुझ्यासाठी उघडेन. सकाळीच ये. टेम्पोनं ये.

ता. क. २ – टेम्पोनं का, असं विचारशील. तू म्हणाला होतास ना, खरखर ऐकायची तर ती माझ्या वर्कशॉपात भरपूर आहे? तीच हवी आहे. तुझं ते धूड माझ्याचं जुळं भावंड. तेही तिसऱ्या ठोक्याला लंगडतं, मी वहिनींना फोन करून फोनवरून ऐकून खात्री करून घेतली आहे. (म्हणजे वर जे विचारलं की चालतं की बसलं, ते उगाच विचारलं. चालतं.) ते टेम्पोत घालून आण. त्याला तेल घालू नकोस, पट्टा बदलू नकोस, फडक्यानं पुसूसुद्धा नकोस. आणि ड्रायव्हरबरोबर नुसतं पाठवून द्यायचा विचार मनातून काढून टाक. ते सुरू होताना अडलं की लाथ कुठे घालायची ते फक्त तुला माहीत आहे. चिरंजीवांना यातलं काही ठाऊक नाही. तो स्वतः तुझ्याकडे मागणार नाही, जीभ झडली तरी. तो कुणाचा मुलगा आहे?

ता. क. ३ – तू आणलंस तर तो अल्बम पुरा करेल, आणि मग तो तुझ्याकडे पॉलिश करायला येणार नाही. म्हणजे तू हरशील. हे आधीच सांगून ठेवते, नंतर फसवलं म्हणू नकोस.

ता. क. ४ – अल्बम मी पुष्कळदा ऐकला. चुका काढायला. सापडल्या की कळवीन.

ता. क. ५ – राग संपत आलाय, म्हणून मौनीबाईचं लिहून टाकते. ती म्हणाली, ‘आत्या, हा आवाज त्याच्या बाबांच्या वर्कशॉपचा आहे. पहिल्या दिवशी भिंतीतून तो ऐकू आला आणि कितीतरी दिवसांनी त्याला झोप लागली.’ म्हणून ते बूट, दादा. म्हणून ती चादर. लहानपणी कॉम्प्रेसर चालू असला की झोप लागायची, एवढंच त्याला आठवतं. त्याला वाटतं, वर्कशॉपात तेव्हा फार काम असायचं. काम कसलं! ते मंदीचं वर्ष होतं, तुझ्या दारात एक खुर्चीसुद्धा पॉलिशला येत नव्हती. मी यायचे तेव्हा तू रिकामा फवारा बाजूला ठेवून, पोराला त्या लाकडी पेटीत निजवून, नुसता कॉम्प्रेसर चालवत बसलेला असायचास. टाकी भरली की हवा सोडून द्यायचास आणि पुन्हा सुरू करायचास. वहिनी विजेच्या बिलावरून ओरडायच्या. तू म्हणायचास, बंद केलं की उठतो गं तो.

हे त्याला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचंस, रविवारी, मशीन सुरू करण्याआधी. दाढेचं त्यानंतर बघू. थोडंसं दुखेल.